जुन्या चित्रित हस्तलिखितातले बिघडलेले रंग तपासायचे कसे: पायरी पायरीने

युरोपातली मध्ययुगीन चित्रित हस्तलिखितं आता स्क्रीनवर हवी तेवढी मोठी करून बघता येतात, त्यामुळे कॉन्झर्व्हेशन शिकणारी किंवा आर्ट हिस्टरी करणारी मुलं-मुली मला फोटो पाठवून विचारतात, हा निळा लाजवर्दच (लॅपिस लाझुली दगडाचा निळा) आहे ना, ही चांदीच काळी पडलीय ना. फोटोवरून रंगद्रव्याचं नाव सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे नाव ही या कामातली शेवटाकडची पायरी आहे. आधी नाव ठरवलं की डोळे पुढे त्याच नावाचा पुरावा शोधत बसतात आणि पानावर जे नुकसान सरळ दिसतंय ते नोंदवायचं राहून जातं. म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढतेय.

हा लेख पार्चमेंटवरच्या हस्तलिखितांबद्दल आहे, म्हणजे वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून, ताणून वाळवलेलं, त्यावर डिंकात किंवा अंड्याच्या पांढऱ्यात खललेले रंग. आपल्याकडे असं साहित्य थोडंच आहे (मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची चित्रित प्रत आहे), पण हरताळ (पिवळा), हिंगूळ (लाल), शेंदूर, जंगाल (हिरवा), नीळ, लाख (किड्यांपासूनचा लाल) ही सगळी मंडळी आपल्या पोथ्या-लघुचित्रांतही असतात, तेव्हा तपासायची पद्धत बरीचशी तिथेही चालेल.

## १. जाण्याआधीची तयारी

रीडिंग रूममध्ये मिळणारा वेळ थोडा असतो आणि पुस्तक जितकं कमी उघडावं लागेल तितकं बरं, म्हणून निम्मं काम घरी करून जायचं.

डिजिटल प्रत असेल तर आधी ती पूर्ण बघा, फक्त चित्रांची पानं बघू नका. चित्राच्या मागचं पान आणि समोरचं पान हे दोन्ही बघायचेच, कारण निम्मे पुरावे तिथेच असतात. जुने फोटो, जुनी फॅक्सिमिली, जुन्या प्रदर्शनाचे कॅटलॉग मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत जो टवका जागेवर दिसतोय आणि आज नाहीये, तो कधीच्या काळात गेला हे लगेच कळतं. पुस्तक पुन्हा बांधलंय का, कधी दुरुस्त केलंय का, भिजलंय का, आगीत सापडलंय का, किती वेळा प्रदर्शनात उघडं ठेवलंय, हे संस्थेच्या नोंदीतून विचारून घ्या.

मग प्रत्येक चित्राची बाह्यरेषा काढलेला एक साधा कागद तयार करा, एका बाजूला रेक्टो (पानाची पुढची बाजू), दुसऱ्या बाजूला त्याच पानाची व्हर्सो (मागची बाजू). तिथे बसल्यावर पेन्सिलीने यावरच खुणा करायच्या. टवके गेलेली जागा, भुकटी होणारी जागा, काळवंडलेली, फिकी पडलेली, समोरच्या पानावर उमटलेली, अशा पाच-सहा खुणा आधीच ठरवून ठेवा आणि मधेच बदलू नका.

तपासा: फॉर्मवर "रंगद्रव्य" नावाचा रकाना पहिल्या पानावर असेल तर तो काढा आणि शेवटच्या पानावर न्या. विनोद नाही, खरंच करा, यानेच निम्म्या चुका टळतात.

## २. टेबल, हात, उजेड

पार्चमेंट हवेतली ओल पटकन घेतं आणि पटकन सोडतं, आणि त्यासोबत हलतं, वळतं, फुगतं. त्यावरचा रंगाचा थर तेवढा हलत नाही, म्हणून खपल्या सुटतात. स्टोअरमधून काढलेलं पुस्तक लगेच उघडू नका, टेबलावर थोडा वेळ बंदच राहू द्या. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर हवी. स्थिर हा शब्द जास्त महत्त्वाचा.

पुस्तक फोमच्या उतरत्या आधारांवर ठेवायचं, जेवढं सहज उघडतं तेवढंच उघडायचं. पान धरून ठेवायला मण्यांची किंवा शिशाच्या गोळ्यांची मऊ माळ असते, ती समासावर ठेवायची, चित्रावर कधीच नाही.

हातमोज्यांबद्दल सगळ्यांचा गोंधळ होतो. सुती हातमोजे घालून हस्तलिखित हाताळणं फिल्ममध्ये छान दिसतं पण त्यांचे धागे सुटलेल्या खपलीत अडकतात आणि बोटांना पानाचा अंदाजही येत नाही. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात, क्रीम न लावलेले, हे बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत मान्य आहे. रंगाला मात्र बोट लावायचं नाही, रंगाच्या भल्यासाठी आणि तुमच्याही, कारण हरताळ आणि मनशीळ (केशरी-लाल खनिज रंग) म्हणजे आर्सेनिक, हिंगूळ म्हणजे पारा, शेंदूर आणि सफेदा (पांढरा रंग) म्हणजे शिसं. काम झालं की हात धुवायचे, आणि पानावर फुंकर घालायची नाही.

उजेडाचा हिशोब साठत जातो. प्रदर्शनात साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) ठेवतात, रोज ८ तास आणि ९० दिवस धरले तर ३६,००० लक्स-तास होतात. तुम्ही ५०० लक्सचा दिवा एक तास पानावर धरला तर ५० लक्सचे दहा तास तुम्ही खर्च केलेत. म्हणून दिवा लावायचा, बघायचं, बंद करायचा, आणि नोंद अंधुक उजेडात लिहायची. मोबाइलचा टॉर्च नको, फ्लॅश नको.

## ३. पहिली नजर, भिंगाशिवाय

इथे घाई होते. भिंग काढायच्या आधी समोरासमोरची दोन्ही पानं एकदम बघा, हातभर लांबून. नुकसान नेमकं कुठे आहे, याचा आकार काय, हे लांबूनच कळतं.

खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात मळकट डाग आणि झिजलेला रंग असेल तर ती पान उलटणाऱ्या अंगठ्याची जागा. वरच्या कडेपासून लाटेसारखी रेघ खाली आली असेल तर पाणी. एका चित्राचा अंधुक उलटा ठसा समोरच्या पानावर असेल तर तो रंग कधीतरी ओलाव्यात मऊ होऊन चिकटला होता. आणि एखाद्या संताचा चेहरा किंवा क्रूसाचा पाया तेवढाच पुसट झालेला, बाकी चित्र ठणठणीत, तर बहुतेक भक्तांनी ओठ टेकवून किंवा हात लावून तो झिजवलाय. मिस्सलमध्ये (चर्चमधल्या उपासनाविधीच्या पुस्तकात) पुरोहिताने चुंबन घ्यायची जागा ठरलेली असायची, कित्येकदा चित्राच्या खाली त्यासाठी वेगळा छोटा क्रूस काढलेला असतो. सैतानाचा चेहरा मुद्दाम खरवडलेलाही सापडतो. असल्या जागी रसायनशास्त्र शोधत बसू नका, आणि त्या "दुरुस्त" करायच्या यादीतही टाकू नका, तो पुस्तकाच्या वापराचा इतिहास आहे.

## ४. तिरका उजेड

आता एकच थंड दिवा, पानाला जवळपास समांतर, एका बाजूने. आधी डावीकडून, मग वरून. पार्चमेंटच्या लाटा, सोन्याखालच्या गेसोचा (पांढऱ्या जाड अस्तराचा) उंचवटा, रंगाच्या थराला गेलेल्या भेगा आणि वाटीसारख्या वर वळलेल्या कडा सगळं उठून दिसतं.

बघायचं असं: भेग आहे पण दोन्ही कडा सपाट आहेत, ही जुनी आणि स्थिर गोष्ट असू शकते. कडा वर उचलल्यात आणि त्यांच्याखाली सावली पडतेय, हा रंग सुटायच्या बेतात आहे. तिसरा प्रकार म्हणजे थर अख्खा दिसतो पण पृष्ठभाग मखमली, कोरडा, भुकटीसारखा, इथे डिंक कमी पडलाय किंवा खराब झालाय. तिन्ही वेगळ्या खुणांनी नोंदवा, सगळ्याला "फ्लेकिंग" लिहून मोकळं होऊ नका, कारण तिन्हींवरचा इलाज वेगळा.

थांबा: वर उचललेल्या खपल्या किंवा पानाच्या घडीत पडलेले रंगाचे कण दिसले तर पुढचं काम तिथेच थांबवायचं. पान उलटायचं नाही, पुस्तक सावकाश मिटायचं आणि संस्थेच्या कॉन्झर्व्हेटरला बोलवायचं. हादऱ्यांनीसुद्धा रंग सुटतो. २००० साली 'बुक ऑफ केल्स' या आयर्लंडमधल्या प्रसिद्ध चित्रित हस्तलिखिताचा एक खंड डब्लिनहून कॅनबेराला विमानाने नेला तेव्हा रंगाचं थोडं नुकसान झालं आणि विमानाच्या कंपनांकडे बोट दाखवलं गेलं. इतक्या काळजीने नेलेल्या पुस्तकाचं हे, तर आपण "अजून एकच पान" म्हणून पान फिरवणं बरोबर नाही.

## ५. भिंग आणि मायक्रोस्कोप

दहापट भिंगाने सुरुवात करा. स्टँडवरचा स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. ऑनलाइन मिळणारे यूएसबी मायक्रोस्कोप हातात धरून पानावर टेकवायचे नसतात, आणि फोकससाठी तो प्लास्टिकचा कडा पानाला लागतोच, म्हणून स्टँड नसेल तर वापरूच नका.

इथे अजूनही नाव लिहायचं नाहीये, वर्णन लिहायचंय. निळा रंग घ्या. ॲझुराइट म्हणजे तांब्याचं खनिज, ते जाडसर दळलं तरच गडद निळं दिसतं, म्हणून थर जाड, खडबडीत, साखरेसारखे कण, कधी हिरवट कण मिसळलेले. लाजवर्दात जांभळटपणाकडे झुकणारा निळा आणि मधेमधे बिनरंगी कण. निळीत कण दिसतच नाहीत, थर सपाट, काळपट. म्हणून "निळा, जाड कण, काही हिरवट, थर खडबडीत" एवढं लिहा.

तसंच लाल. शेंदूर नारिंगीकडे झुकतो, हिंगूळ थंड गडद लाल, पण दोन्ही मिसळून वापरायची सर्रास पद्धत होती, एकावर एक थरही असायचे. त्यामुळे "शेंदरी दिसतोय म्हणजे शेंदूरच" असं नसतं.

## ६. पान उलटा आणि मागे बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी हीच. कुठल्याही हिरव्या जागेची मागची बाजू बघितल्याशिवाय तिच्याबद्दल एक अक्षर लिहू नका.

जंगाल म्हणजे तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून खरवडून काढलेला हिरवा. त्यातलं तांबं गप्प बसत नाही, ओल मिळाली की हळूहळू आजूबाजूला आणि खाली झिरपतं आणि कातडं ठिसूळ करतं. मागच्या बाजूला आधी हलकी तपकिरी छाया येते, मग तिचा आकार पुढच्या हिरव्या आकाराशी अगदी जुळायला लागतो, मग भेगा, आणि शेवटी हिरव्या पट्टीचा तुकडाच पानातून निसटतो, खिडकीसारखं भोक राहतं. पार्चमेंटमध्ये चुना असल्याने ते कागदापेक्षा जास्त टिकाव धरतं, आपल्याकडच्या कागदावरच्या लघुचित्रांत जंगालाने कागद खाल्लेला याहून वाईट अवस्थेत दिसतो.

क्रम असा ठेवा:

पहिलं, पुढून हिरव्याची कड बघा. रंग कडेला तपकिरी होतोय का, आणि रंगाच्या रेषेबाहेर पिवळट-तपकिरी वलय आहे का.

दुसरं, मागून बघा. छाया आहे का, असेल तर फिकी की गडद, आणि तिथे पार्चमेंट कडक, काचेसारखं वाटतंय का. दाबून बघायचं नाही, तिरक्या उजेडात चमक बघायची.

तिसरं, समोरच्या पानावर तसाच तपकिरी ठसा आहे का.

चौथं, संस्थेने परवानगी दिली तर पातळ थंड लाइट शीट पानामागे सरकवून आरपार उजेडात बारीक भेगा आणि भोकं शोधायची.

मॅलकाइट हाही तांब्याचाच हिरवा, पण तो बराच शांत असतो. मागे काहीच नाही आणि पुढे कणीदार हिरवा, तर तेवढंच नोंदवा. आणि नीळ अधिक हरताळ मिसळून केलेला हिरवासुद्धा असतो, त्यात तांबं नसतंच.

लोहयुक्त शाईचं काम जवळपास असंच चालतं, मायफळाचा अर्क आणि हिराकस यांची शाई अक्षराच्या आकारातच पान खाते. चित्राच्या बाह्यरेषा त्याच शाईने काढलेल्या असतील तर हिरव्यावर खापर फोडायच्या आधी भेग रेषेवर आहे की रंगात आहे ते बघा.

## ७. काळं पडलंय, पण कशामुळे

काळा दिसला की सगळे "चांदी" म्हणतात. काळं पडायची निदान पाच कारणं आहेत आणि ती जागेवरून, आकारावरून बऱ्यापैकी वेगळी काढता येतात, यंत्राशिवाय.

सफेदा. हा शिशाचा पांढरा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने त्याचं काळं लेड सल्फाइड होतं. तैलचित्रात तेल त्याला झाकून ठेवतं, हस्तलिखितात डिंकाचा पातळ थर तेवढं संरक्षण देत नाही. याची ओळख म्हणजे काळेपणा नेमका तिथे, जिथे उजेड असायला हवा. एखाद्या संताचा चेहरा घ्या: नाकाची रेघ, कपाळाचा उंचवटा, दाढीतले पांढरे केस, डोळ्याखालची चमक, हे सगळं राखाडी-काळं आणि गालाची सावली त्यापेक्षा उजळ, जणू फोटोची निगेटिव्ह. अगदी केसाएवढ्या बारीक फटकाऱ्यांतही काळेपणा रेषेच्या आत राहतो, बाहेर पसरत नाही. हे बघितलं की काय झालंय याची खात्री जवळपास पटते.

शेंदूर. नारिंगीवर तपकिरी-काळी साय येते, बहुतेकदा वरवरची. एखादा जुना ओरखडा असेल तर त्यात खालचा नारिंगी दिसतो. नवा ओरखडा काढून बघायचा नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतेय.

हिंगूळ. उजेड आणि क्लोराइड यांनी वरून करडा-काळा होऊ शकतो, डागडाग. भिंतीवरच्या चित्रांत हे जास्त, मिटून ठेवलेल्या पुस्तकात कमी. म्हणून सतत उघडं राहिलेलं पान सोडून इतरत्र हे निदान करताना दोनदा विचार करा.

चांदी. चिलखत, तलवारी, पाणी, कुलचिन्हं अशा जागी असते. काळेपणा रेषेबाहेर पसरतो, मागच्या बाजूला आणि समोरच्या पानावर करडा-तपकिरी ठसा सोडतो, आणि तिरक्या उजेडात कुठेतरी एखाद्या बिंदूला धातूची चमक अजून सापडते.

धूर आणि मळ. हे कुठल्याच रेषेला जुमानत नाहीत. उंच भागावर, कडेला, वरच्या समासात असतात आणि रंग, सोनं, रिकामं पार्चमेंट सगळ्यावर सारखेच बसतात.

तपासा: काळी जागा रेषेच्या आत आहे, बाहेर पसरलीय, की रेषेला जुमानत नाही? समोरच्या पानावर ठसा आहे का? चित्रात त्या जागी मुळात काय असणं अपेक्षित होतं? या तीन उत्तरांशिवाय काळ्याचं कारण लिहायचं नाही.

इशारा: काळा सफेदा हायड्रोजन पेरॉक्साइडने पुन्हा पांढरा होतो हे खरंय, त्याचं लेड सल्फेट होतं. पण तो मूळ सफेदा परत येत नाही, आजूबाजूच्या नाजूक रंगांना, डिंकाला, कातड्याला झळ बसू शकते आणि केलेलं मागे घेता येत नाही. हे करायचं की नाही यावर अनुभवी कॉन्झर्व्हेटरसुद्धा दहादा विचार करतात. घरी, कॉलेजात, "थोडंसं कोपऱ्यावर" अजिबात नाही.

## ८. फिकं पडलेलं आणि पिवळं झालेलं

काळं नजरेत भरतं, फिकं पडलेलं कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ते नुकसान न दिसता मुळातलाच फिका रंग दिसतो. गुलाबी, जांभळे आणि वनस्पतींचे पिवळे यांच्याकडे म्हणूनच जास्त वेळ द्या. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा लाल-गुलाबी, टर्नसोल नावाच्या झुडपाच्या फळांचा जांभळा-निळा, केशर, हे उजेडाला कच्चे. मंजिष्ठ आणि लाखेचा लाल त्यामानाने बरे, तरी पक्के नव्हेत. यातलं पतंगाचं लाकूड आणि लाख आशियातून, आपल्या समुद्रमार्गानेही, युरोपात जायची.

मूळ रंग शोधायचा तर झाकलेल्या जागी शोधा: शिवणीजवळची खोल घडी, चिकटवलेल्या पट्टीखाली डोकावणारी कड, जाड थराची भेग. तिथला रंग आणि मधल्या भागातला रंग एकाच उजेडात शेजारी ठेवून बघितल्याशिवाय "फिका" हा शब्द वापरू नका.

हरताळ आणि मनशीळ वेगळ्या रीतीने बिघडतात. मनशीळ उजेडाने हळूहळू पिवळी, भुसभुशीत होते, तिचं पॅरारिअलगार नावाचं दुसरं रूप तयार होतं, म्हणजे आज पिवळी दिसणारी ज्वाळा मुळात केशरी-लाल असू शकते. हरताळ उजेडाने पांढुरका पडतो. त्यात गंधक असल्याने शिशाच्या आणि तांब्याच्या रंगांशेजारी त्याचं पटत नाही, जुन्या कृतींच्या पोथ्यांतही ही ताकीद आहे. म्हणून पिवळ्याला लागून असलेल्या पांढऱ्याची आणि हिरव्याची कड मुद्दाम तपासा.

## ९. यूव्ही आणि इन्फ्रारेड

संस्थेची लेखी परवानगी, त्यांचाच दिवा, डोळ्यांना संरक्षक चष्मा, कॅमेरा आधी साध्या उजेडात फोकस करून तयार, मग यूव्ही काही सेकंद. दिवा चालू ठेवून चर्चा करत बसायचं नाही.

यूव्हीत मंजिष्ठ नारिंगी-गुलाबी उजळते, तांब्याचे हिरवे-निळे आणि हिंगूळ काळेच राहतात. नंतरची रंगदुरुस्ती शोधायला ही पायरी खास उपयोगी, एकोणिसाव्या शतकातला झिंक व्हाइट पिवळट-हिरवा झगझगतो. चकाकतं ते सगळं रंगद्रव्य नसतं हेही लक्षात ठेवा, डिंक, गोंद, जुनं वार्निश आणि पार्चमेंट स्वतःसुद्धा चकाकतं.

इन्फ्रारेडमध्ये ॲझुराइट गडद दिसतं, लाजवर्द आणि नीळ दोन्ही जवळपास पारदर्शक होतात. म्हणजे इन्फ्रारेडने ॲझुराइट वेगळं काढता येतं, लाजवर्द आणि नीळ मात्र एकमेकांपासून नाही. इथेच खूप जण घसरतात.

## १०. यंत्रं, पण प्रश्न ठरवून

यंत्र कुठलं लावायचं हे आतापर्यंतच्या नोंदींवरून ठरतं. "सगळं स्कॅन करून बघू" म्हणून यंत्राकडे गेलात तर ढीगभर आलेख मिळतील आणि प्रश्न तिथेच राहील.

एक्सआरएफ (पानावर एक्स-रे टाकून मोजणारं यंत्र) मूलद्रव्यं सांगतं. पारा मिळाला तर हिंगूळ जवळपास पक्का, आर्सेनिक म्हणजे हरताळ-मनशीळ घराणं, तांबं म्हणजे ॲझुराइट किंवा एखादा हिरवा. शिसं मिळालं तर ते सफेद्याचं की शेंदराचं हे नुसतं एक्सआरएफ सांगत नाही. आणि नीळ, केशर, लाख यांच्याबद्दल ते गप्पच बसतं.

नेहमीची मोठी चूक: एक्स-रे पानाच्या आरपार जातात. मागच्या बाजूचं चित्र, खालच्या पानावरचं सोनं, सगळं तुमच्या एका बिंदूच्या आलेखात येतं. म्हणून मोजण्याआधी त्या बिंदूच्या बरोबर मागे काय आहे ते नकाशावर बघा (पहिल्या पायरीतला रेक्टो-व्हर्सोचा कागद इथे कामी येतो), खालची पानं बाजूला ठेवा आणि रिकाम्या पार्चमेंटचं एक मापन आधी घ्या, कारण चुन्यातलं कॅल्शियम आणि थोडं लोह तिथेही सापडतं.

रामन (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून मोजणारं यंत्र) रेणूच ओळखतं, त्यामुळे नीळ, लाजवर्द, हिंगूळ, शेंदूर सरळ वेगळे होतात. लेझरची ताकद मात्र कमीत कमी ठेवून सुरुवात करायची, कारण शेंदूर आणि मनशीळ लेझरनेच बदलू शकतात आणि मग तुम्ही केलेलं नुकसान तुम्हीच जुनं म्हणून नोंदवाल. सेंद्रिय लाल रंगांसाठी परावर्तन वर्णपट म्हणजे एफओआरएस बरा पडतो, लाखेसारख्या किड्यांपासूनच्या लालात दोन शोषण-पट्टे साधारण ५२५ आणि ५६५ नॅनोमीटरच्या आसपास येतात, मंजिष्ठेत ते थोडे अलीकडे, ५१० आणि ५४० कडे.

प्रशियन ब्लू मिळाला तर ती जागा अठराव्या शतकाच्या आधीची असूच शकत नाही, टायटेनियम व्हाइट मिळाला तर ती विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. अशा वेळी आधी दुरुस्तीचा विचार करा, मग नकलेचा.

## ११. आता नाव

आता नाव लिहायचं, आणि पुढे ते कशावरून लिहिलं तेही. मी तीन पातळ्या वापरते: "रामनने ओळखलेलं", "एक्सआरएफ आणि भिंग यांच्याशी सुसंगत", आणि "नुसत्या नजरेने, अनिश्चित". तिसऱ्या पातळीचं नाव वाक्यात एकटं कधीच सोडू नका, नाहीतर पुढचा लेखक ते उचलतो, त्याच्यावरून तिसरा, आणि अंदाजाचं सत्य होऊन बसतं. लिंडिसफार्न गॉस्पेल्स या उत्तर इंग्लंडमधल्या मध्ययुगीन हस्तलिखितातला निळा बरीच वर्षं लाजवर्द मानला जायचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून उत्तर इंग्लंडपर्यंत दगड कसा पोचला यावर चर्चा व्हायच्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामन तपासणीत तो नीळ निघाला. 'बुक ऑफ केल्स'बद्दलही हाच समज होता आणि तिथेही लाजवर्द सापडला नाही.

## १२. रिपोर्ट आणि पुस्तक परत ठेवणं

रिपोर्टची सुरुवात तातडीच्या गोष्टींनी करा: कुठल्या फोलिओवर (पानावर) खपल्या सुटताहेत, कुठल्या पानात जंगालाने भेग पाडलीय. त्यानंतर स्थिर पण लक्ष ठेवायच्या जागा. रंगद्रव्यांचा तक्ता सगळ्यात शेवटी. प्रत्येक फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी हवी आणि उजेड कुठल्या बाजूने होता ते लिहिलेलं हवं, नाहीतर दहा वर्षांनी तुलना करणाऱ्याला तो फोटो निरुपयोगी.

सुटणारा रंग चिकटवणं हे मायक्रोस्कोपखाली, स्टर्जन माशाच्या वाताशयाच्या सरसाने किंवा जिलेटिनने, एकेका खपलीला बारीक ब्रशने केलं जाणारं काम आहे. भुकटी होणाऱ्या रंगावर तोच सरस अगदी पातळ करून धुक्यासारखा सोडतात. चित्रकलेच्या दुकानातला फिक्सेटिव्ह स्प्रे, पारदर्शक टेप, लॅमिनेशन, यातलं काहीही सुचवू नका आणि कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. तुमच्याकडून सुचवण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: पुस्तकाच्या मापाची पेटी, स्थिर आर्द्रता, नाजूक पान प्रदर्शनात न उघडणं, डिजिटल प्रत असेल तर मूळ प्रत कमी काढणं. पानांमध्ये टिश्यू घालायचा मोह होतो, पण उचललेल्या खपल्या त्यातच अडकतात आणि बांधणीवर ताण येतो, तो निर्णय कॉन्झर्व्हेटरवर सोडा.

पुस्तक परत देण्यापूर्वी फोम, टेबल आणि पानांच्या घड्या पुन्हा एकदा बघून घ्या. रंगाचा एखादा कण पडलेला दिसला तर तो पुसू नका, झटकू नका, फोलिओ नंबर आणि जागा लिहून कॉन्झर्व्हेटरच्या ताब्यात द्या, ते तो छोट्या लेबल लावलेल्या डबीत ठेवतील. त्याच तुकड्यावर पुढे तपासणी करता येते, नवा नमुना काढावा लागत नाही.